वैशालीच्या नावानं पास झालेला टँकर

आमच्या भागातल्या एका डेअरीच्या मालकानं आपल्याच केमिस्टला फसवलं. आधी तिला कामावरून काढलं. काढल्यावरही तिचं कॉम्प्युटरमधलं खातं चालू ठेवलं. मग त्या खात्यातून साबणचुरा मिसळलेल्या दुधाचा टँकर पास झाला आणि दोष तिच्या नावावर लागला. खातं बंद करायचं काम माझं होतं. मी ते केलं नाही. का केलं नाही, तेही लिहिणार आहे.

डेअरीचं नाव या दिवाळी अंकाच्या संपादकांनी गाळायला लावलं. मालकाचं नाव मी बदललं आहे. इथं त्यांना रावसाहेब म्हणतो. केमिस्टचंही बदलतो म्हणालो, तर ती म्हणाली, "दादा, नावच तर गेलंय माझं. ते तरी राहू द्या." म्हणून तिचं नाव तिचंच ठेवलं आहे. वैशाली.

मी सांगलीत राहतो. दुकानं, दवाखाने, शोरूम, डेअऱ्या यांच्या कॉम्प्युटरची देखभाल करतो. बाप मार्केट यार्डात हळदीची पोती उचलायचा. मी त्याची भाकरी घेऊन जायचो आणि सौदे संपेपर्यंत तिथंच उभा राहायचो. कुठल्या व्यापाऱ्याला माल खरंच हवा आहे आणि कोण नुसतं नाक मुरडतोय, हे मला पाढ्यांच्या आधी कळायला लागलं. पुढं आयटीआय केलं, टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात राबलो आणि भंगारातून आणलेला एक कॉम्प्युटर घरी इतक्या वेळा उघडला, की बायको म्हणाली, "ह्येला आता टाकं घालायला लागतील." मला कुणी शिकवलं नाही. त्यामुळं मला कुणी शिकवायला लागलं की राग येतो. राग तसा मला कशानंही येतो. गिऱ्हाईक मला दोन कारणांनी ओळखतात: मी कराराच्या बोलण्यात समोरच्याला उठू देत नाही, आणि मी मोठ्यानं बोलतो.

आता धंदा सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. माणूस कामाला लागला की त्याला ऑफिसच्या कॉम्प्युटरमध्ये एक खातं देतात. त्याचं नाव आणि एक पासवर्ड. त्या खात्यातून जे होईल ते त्याच माणसानं केलं, असं कॉम्प्युटर धरून चालतो. कॉम्प्युटरला चेहरा दिसत नाही. दुसऱ्याची सही मारायला निदान हात वळावा लागतो. दुसऱ्याच्या खात्यात शिरायला कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवलेला पासवर्ड पुरतो. आमच्याकडं निम्म्या ऑफिसांत पासवर्ड ग्रामदैवताच्या नावाचा असतो, पुढं एक-दोन-तीन. गावाचं नाव कळलं की मी निम्मी कुलपं उघडतो.

माणूस कामावरून गेला की मालक त्याच्याकडून कपाटाची चावी घेतात, गाडीची चावी घेतात, गणवेशसुद्धा धुऊन परत मागतात. खातं परत घ्यायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. साताऱ्यातल्या एका ट्रॅक्टर शोरूमच्या मालकानं स्टोअरकीपरला रागाच्या भरात काढलं. बापू म्हणायचे त्याला. बापूच्या मोबाइलवर गोडाऊनच्या कॅमेऱ्यांचं चित्र दिसायचं, ते तसंच चालू राहिलं. बापू घरी ओट्यावर बसून दिवसभर गोडाऊन बघायचा. तिसऱ्या दिवशी मालकाला त्याचा फोन आला.

"शेठ, गोडावनातला पंखा कालपास्नं चालू हाय."

"तुला रं काय करायचंय?"

"मला काय न्हाई. जळंल म्हणून सांगितलं. आन त्यो नवा पोरगा हाय न्हवं तुमचा, त्यो टायरांच्या मागं झोपलाय. पाय दिसत्यात."

मालकानं मला बोलावून घेतलं आणि आधी बापूवर, मग माझ्यावर ओरडले. मीही ओरडलो. खातं बंद केलं. आठवड्यानं त्यांचाच फोन: "चालू करा वो परत. बापूला घेतलाय. त्येच्याशिवाय गोडावनात लक्ष न्हाई कुणाचं." त्यावर मी हसलो, पण कामाचं जे शिकायचं ते शिकलो.

मिरजेत मात्र हसण्यासारखं नव्हतं. दवाखान्यांच्या गल्लीत एक मोठं औषधांचं दुकान. मालकानं फोनवर सांगितलं, "कुलकर्ण्यांचं बंद करा." मी सांगलीत बसून बंद केलं. कुलकर्णी काउंटरवर उभे होते. एकोणीस वर्षं तिथं काम केलेला माणूस. समोर गिऱ्हाइकांची रांग, आणि त्यांचा पासवर्ड लागेना. तीनदा घातला. मग त्यांनी मलाच फोन केला. "अहो, जरा बघा, माझं खातं अडकलंय." आवाजात काही शंका नाही. मला कळलं की या माणसाला अजून कुणी काही सांगितलेलं नाही. "मालकांना विचारा," म्हणालो. ते म्हणाले, "असं होय." फोन ठेवला. नंतर ऐकलं, की त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, रांगेतल्या बाईची चिठ्ठी शेजारच्या माणसाकडं दिली आणि पायऱ्या उतरून गेले.

त्या दिवशी मी दुकानात जाऊन मालकाशी भांडलो. म्हणालो, "माणूस काढायचा तुमचा हक्क हाय, पण तोंडावर सांगायचं काम तुमचं. माझ्या बोटानं नका सांगू." तेव्हापासून दोन नियम केले. आधी माणसाला सांगा, मग मी बंद करतो. आणि तोंडी सांगून चालणार नाही, माझ्या वहीत सही पाहिजे.

त्या वहीला मी बंद-वही म्हणतो. कार्बन घालून दोन प्रती. कुणाचं खातं, कुणाच्या सांगण्यावरून, कुठल्या दिवशी, किती वाजता बंद केलं, आणि खाली मालकाची सही. लोकांना हा माझा चोंबडेपणा वाटतो. पण ही वही का लागते हे बाहेरच्या वाचकाला सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावर अडलेलं आहे.

आमच्याकडं माणसाला कामावरून काढत नाहीत. म्हणजे काढतात, पण काढलं असं म्हणत नाहीत आणि लिहीत तर नाहीतच. कारण कामावरचा प्रत्येक माणूस कुणाचा तरी पाव्हणा असतो. कुणाच्या साडूचा पुतण्या, कुणाच्या जावेचा भाऊ. 'तुम्हाला सेवेतून कमी करण्यात येत आहे' असा कागद हातात दिला, तर पुढच्या लग्नात पंगतीला शेजारी कसं बसायचं? म्हणून म्हणतात, "जरा थोडं दिस घरी बसा." "रानाकडं बघा जरा." "देवदर्शन करून या." समोरचा समजून जातो. तोही कागद मागत नाही, कारण मागितला तर नातं तुटलं. सगळ्यांना माहीत असतं की माणूस गेला, आणि कधी गेला हे कुठंच लिहिलेलं नसतं. कित्येक ठिकाणी माझ्या वहीतली चिठ्ठी हाच एक कागद.

रावसाहेबांची डेअरी कुंडलच्या बाजूला. रोज गावोगावचं दूध टँकरनं येतं. टँकर आला की नमुना काढायचा, केमिस्टनं तो तपासायचा. पाणी किती, फॅट किती, युरिया आहे का, साखर आहे का, साबणचुरा आहे का. दूध ठीक असलं तर केमिस्ट आपल्या खात्यातून 'पास' करते, तेव्हाच गेटवर चिठ्ठी निघते आणि टँकर खाली होतो. चिठ्ठीवर केमिस्टचं नाव येतं. हे दूध पुढं एक मोठी कंपनी घेते आणि तिची अट अशी, की चिठ्ठीवर डिग्रीवाल्या केमिस्टचंच नाव पाहिजे. ही सगळी व्यवस्था मी बसवून दिली होती. अभिमान होता मला तिचा. रावसाहेबांनीही स्वतःच्या खात्यातून पास करता येईल असं करून मागितलं होतं. मी साफ नाही म्हणालो होतो.

वैशाली तिथं सहा वर्षं केमिस्ट होती. वडील फौजेतून सुभेदार होऊन परत आलेले. थोरली बहीण रावसाहेबांच्या चुलत भावाच्या घरात दिलेली. त्या नात्यातूनच ती लागली होती, पण कामाला अशी कडक, की टँकरवाले तिला 'मास्तरीण' म्हणायचे. मी गेलो की ती चहा मागवायची आणि कॉम्प्युटरची एकेक तक्रार वहीतून वाचून दाखवायची. मला तक्रारी आवडत नाहीत. तिच्या आवडायच्या, कारण खऱ्या असायच्या.

एक टँकर तिनं भेसळीमुळं तीनदा परत पाठवला. तो रावसाहेबांच्या मेहुण्याचा होता. तिसऱ्या वेळी मेहुणा ऑफिसात येऊन म्हणाला, "मास्तरीण बाई, पाव्हणं हाय आमी तुमचं."

ती म्हणाली, "दुधाला काय ठावं दाजी, कोण कुणाचं पाव्हणं?"

सगळं ऑफिस हसलं. मीही तिथंच प्रिंटर उघडून बसलो होतो; मीही हसलो. त्या हसण्याची किंमत तिनं चारच दिवसांत दिली. रावसाहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं आणि गोड आवाजात म्हणाले, "वैशाली, लय काम केलंस. आता थोडं दिस घरी बस. ताईकडं जाऊन ये." तिनं डबा उचलला, पांढरा कोट घडी करून खुर्चीवर ठेवला आणि गेली. कागद मागितला नाही. बहीण त्या घरात होती.

दुसऱ्या दिवशी रावसाहेबांनी मला बोलावलं. मी बंद-वही घेऊनच गेलो होतो.

"ती वही ठेव खाली," ते म्हणाले. "तिचं खातं चालू राहू दे. फकस्त पासवर्ड नवा कर आन मला लिहून दे. जुना तिनं कुणाला सांगितला न्हाई."

"रावसाहेब, माणूस काढला की खातं बंद. तुम्हाला ठावं हाय."

"काढलं कोण म्हणतंय? सुट्टीवर हाय ती."

"मग सुट्टीवरच्या माणसाचा पासवर्ड तुम्हाला कशाला?"

"नवा केमिस्ट मिळंपतूर चिठ्ठीवर नाव लागतंय बाबा डिग्रीवाल्याचं. टँकर काय रस्त्यावर उभं करू? दोन आठवड्यांचा प्रश्न हाय."

इथं मी उठायला पाहिजे होतं. उठलो नाही. आयुष्यभर सौदे बघितलेल्या माणसाला समोरच्याची गरज दिसली की त्याचं डोकं एकाच दिशेनं चालतं. रावसाहेबांना माझी गरज होती आणि ती त्यांच्या तोंडावर दिसत होती. तासगावच्या रस्त्याला ते नवीन शीतकरण केंद्र उभं करत होते आणि त्याचं कॉम्प्युटरचं काम ते कोल्हापूरच्या एका पार्टीला देणार, असं मी ऐकून होतो. मी म्हणालो, "दोन आठवडे तर दोन आठवडे. पण तासगावचं केंद्र माझ्याकडं पाहिजे. पाच वर्षं."

"तीन."

"पाच. न्हाईतर वहीवर सही करा."

ते हसले. "लय वाईट हाईस गड्या." आणि हात पुढं केला.

मी तिथंच बसून वैशालीच्या खात्याला नवा पासवर्ड घातला, कागदाच्या चिटोऱ्यावर लिहिला आणि त्यांना दिला. त्यांनी तो टेबलावरच्या काचेखाली सरकवला. मी बाहेर आलो तेव्हा सौदा जिंकल्याच्या आनंदात होतो, हे लिहायला लाज वाटते. गाडीवर बसून शिट्टी मारत सांगलीला आलो.

तिसऱ्या आठवड्यात मेहुण्याचा तोच टँकर पास झाला. दूध कंपनीकडं गेलं, तिथं त्यात साबणचुरा सापडला, सगळा माल परत आला आणि सरकारी तपासणी लागली. चिठ्ठीवर नाव वैशालीचं. मग मात्र रावसाहेबांना कागद लिहिता आला. कंपनीला आणि तपासणीवाल्यांना पत्र गेलं: 'आमच्या केमिस्टनं गंभीर निष्काळजीपणा केला असून त्यांना आजपासून सेवेतून कमी करण्यात येत आहे.' आजपासून! जी बाई तीन आठवड्यांपूर्वी डबा उचलून गेली, ती कागदावर आज गेली. ती आधीच गेली होती हे सांगणारा कागद कुठंच नव्हता. असता तर तो माझ्या वहीत असता.

मला हे कळलं ते वैशाली आणि तिचे वडील माझ्या दुकानात आले तेव्हा. दुपारची वेळ. सुभेदार ताठ बसले, टोपी गुडघ्यावर. वैशालीला सातारच्या बाजूला एका डेअरीत नवीन नोकरी मिळाली होती. त्या पत्रामुळं ती नोकरीही गेली होती. आता तिची डिग्रीसुद्धा चौकशीत सापडणार होती.

सुभेदार म्हणाले, "कॉम्प्युटरवाले, आमी शिपाई माणूस. एक सांगा. ड्यूटीवर नसलेला माणूस रायफल चालवू शकतो का?"

"नाही."

"मग आमच्या पोरीनं टँकर कसा पास केला?"

वैशालीनं त्यांच्या हातावर हात ठेवला. माझ्याकडं बघून तिनं शांतपणे विचारलं, "दादा, मी गेल्यावर माझं खातं बंद केलं होतं न्हवं तुम्ही?"

तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि तिला उत्तर मिळालं. ती रडली नाही. म्हणाली, "का?"

मी सांगितलं. तासगावचं केंद्र, पाच वर्षं, चिटोरा, काचेखाली. सगळं. सुभेदार उभे राहिले. मला वाटलं मारतात. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. त्यांनी टोपी घातली आणि पोरीला म्हणाले, "चल."

"थांबा आबा," ती म्हणाली. "दादा, तुम्ही पासवर्ड बदलला त्याची नोंद राहते का कॉम्प्युटरमध्ये?"

सांगितलं ना, तिच्या तक्रारी मला आवडायच्या. तिला लगेच जे दिसलं ते लाजेनं बधिर झालेल्या मला दिसलं नव्हतं. नोंद राहते. कुणी, कधी, कुणाचा पासवर्ड बदलला, सगळी राहते. आणि पासवर्ड मी बदलल्यानंतर वैशालीला तो ठाऊकच नव्हता. तिला आपल्याच खात्यात शिरता येणं शक्य नव्हतं. म्हणजे मी जे पाप केलं, तोच तिचा पुरावा.

मी डेअरीच्या नोंदींची प्रत दर महिन्याला माझ्याकडं घेतो. तिच्यासमोरच उघडली. पासवर्ड बदलल्याची नोंद, माझ्या नावानं, ती गेल्याच्या दुसऱ्या दिवसाची. आणि टँकर पास झाल्याची नोंद: मंगळवार, सकाळी पावणेदहा. कुठल्या मशीनवरून? प्रयोगशाळेतल्या नाही. रावसाहेबांच्या केबिनमधल्या.

मी गाडी काढली आणि थेट डेअरी गाठली. इथं माझ्या स्वभावानं दुसरं नुकसान केलं. शांतपणे कागद पुढं ठेवायचा सोडून मी सगळ्या ऑफिससमोर ओरडलो. टेबलावरची काच उचलून चिटोरा शोधायला गेलो, तर काच खाली पडून फुटली. चिटोरा नव्हताच. रावसाहेब खुर्चीतून हललेसुद्धा नाहीत.

"झालं?" ते म्हणाले. "आता माझं ऐक. पासवर्ड कुणी केला? तू. ठावं कुणाला हुता? तुला. केबिनचा कॉम्प्युटर कोण उघडतंय-मिटतंय? तू. मला तर त्यो चालूसुद्धा करता येत न्हाई, समद्या गावाला ठावं हाय."

"मोबाइलवर रमी खेळता तेव्हा येतंय सगळं!"

मागं कुणीतरी हसलं. रावसाहेबांनी मान वर केली आणि हसू थांबलं. मग ते हळू म्हणाले, "तासगावचं केंद्र ऱ्हाऊ दे तुझ्याकडं. सात वर्षं. पोरीला कुठंतरी चिकटवून देतो मी. पाव्हण्यांची हाय, मी काय तिला टाकून देनार न्हाई. फकस्त त्ये पासवर्डाचं पान तुझ्या प्रतीतनं गेलं पायजे."

मी पाच मागितली तेव्हा तीनवर आलेला माणूस आज न मागता सात देत होता. यार्डात उभं राहून शिकलो ते इतकंच, की न मागता भाव वाढला की माल चोरीचा असतो. मी म्हणालो, "दोन्ही कामं आजपासनं सोडली. वहीत लिहून देतो." आणि खरंच बंद-वही काढून माझ्याच खात्याची चिठ्ठी फाडली: डेअरीच्या कॉम्प्युटरमधलं माझं खातं, माझ्या सांगण्यावरून, आज, सव्वाबारा वाजता बंद. सहीला त्यांच्यापुढं धरली. त्यांनी केली नाही. मी माझी केली आणि एक प्रत फुटलेल्या काचेवर ठेवून आलो.

दुसऱ्या दिवशी वैशालीच्या घरी बसून जबाब लिहायला घेतला. गावातले एक वकील होते. ते म्हणाले, "तासगावच्या केंद्राचं कशाला लिहिता? तुम्ही नुसतं तोंडी आदेशावरून पासवर्ड बदलला, एवढं पुरे. तुम्ही स्वतः अडकाल."

मला ते पटलं. खरं सांगतो, पटलं. पेन थांबलं. वैशाली चुलीपाशी होती, तिथूनच म्हणाली, "अर्धं लिहिणार असाल तर नको मला. उद्या अर्धं निघालं की म्हणतील, ह्येनं ते लपवलं, तर आणखी काय काय लपवलं असंल. सगळं लिहा."

सगळं लिहिलं. मी लिहीत असताना तिच्या बहिणीचा फोन आला. वैशालीनं बाहेर अंगणात जाऊन घेतला, तरी ऐकू येत होतं. "ताई, रडू नको... व्हय... तुला घरात बोलत्यात त्ये मला कळतंय गं... न्हाई ताई, मागं घेनार न्हाई. माझ्या नावानं इष धाडलंय लोकांस्नी. उद्या तुझ्या लेकरानं पिलं असतं म्हंजे?" आत आली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "कुठपर्यंत आलं?"

तो जबाब मी सांगलीत तपासणी अधिकाऱ्याकडं स्वतः नेऊन दिला. नोंदींच्या प्रती जोडल्या. त्यात माझा गुन्हा माझ्या अक्षरात आहे: मालकाच्या तोंडी सांगण्यावरून मी गेलेल्या कर्मचाऱ्याचं खातं बंद केलं नाही, त्याला नवा पासवर्ड घालून मालकाच्या हातात दिला, आणि बदल्यात तासगावचं काम मागून घेतलं. त्याची जी शिक्षा होईल ती होऊ द्या. टँकर पास झाला त्या मंगळवारी सकाळी मी मिरजेत एका दवाखान्यात होतो. तिथल्या डॉक्टरबाईंनीही तसं लिहून दिलं आहे.

त्यानंतर काय झालं ते सांगतो. रावसाहेबांना चौकशीला दोनदा बोलावलं. पहिल्या वेळी रक्तदाब, दुसऱ्या वेळी लग्नकार्य. ऑफिसातल्या एकाही माणसानं तोंड उघडलेलं नाही. वैशाली डबा घेऊन गेली तो दिवस त्या सगळ्यांनी बघितला आहे, पण प्रत्येकाचं कुणीतरी त्या घरात दिलेलं आहे. रावसाहेबांच्या नात्यातली माझी आणखी तीन गिऱ्हाइकं गेली. निरोप एकच: "थोडं दिस येऊ नका." कागद त्यांनीही दिला नाही! वैशाली गावात दहावीच्या पोरांच्या विज्ञानाच्या शिकवण्या घेते. सहा वर्षं टँकर अडवणारी बाई. चौकशीचा निकाल नाही म्हणून कुणी तिला प्रयोगशाळेत उभं करत नाही, आणि जबाब द्यायला माणूस येत नाही म्हणून निकाल नाही.

लोक मला म्हणतात, मिटवा आता. रावसाहेबांचा एक माणूस तर घरी आला, पेढे घेऊन. म्हणाला, "आवं, चूक कारकुनाची झाली म्हणून सांगू या की. पोरगी बी सुटली, तुमी बी सुटला." मी विचारलं, "कारकुनाचं नाव काय?" तो म्हणाला, "ठरवू की त्ये बसून." पेढ्याचा पुडा त्याच्या गाडीच्या हँडलला अडकवून दिला. आणखी एका बिनकागदी माणसाच्या डोक्यावर हेच ठेवायचं, आणि त्यात मी बसून सौदा करायचा! सौदा करणं माझ्या रक्तात आहे. पण या गोष्टीत मी एकदा केला, तेवढा बस.

या भागातल्या प्रत्येक नोकरदार माणसाला सांगतो: तुम्हाला 'घरी बसा' म्हटलं की नातं बघू नका. तारखेचा कागद घ्या आणि माझं खातं बंद केलं असं लिहून मागा. मालकाला वाईट वाटलं तर वाटू द्या. आणि माझ्या धंद्यातल्यांना सांगतो: सही मिळत नसेल तर सहीशिवाय बंद करा. टँकर रस्त्यावर उभे राहिले तर राहू देत.

रावसाहेब, हा अंक तुमच्याकडं दर दिवाळीला येतो, हे मला ठाऊक आहे. मी माझं उत्तर दिलंय, सहीनिशी, नावानिशी. वैशालीनं तिचं दिलंय. आता तुमची पाळी. रक्तदाब, लग्नकार्य पुरे झालं. तपासणी अधिकाऱ्यासमोर खुर्ची घ्या आणि एवढंच सांगा: त्या मंगळवारी सकाळी पावणेदहाला तुमच्या केबिनमधल्या कॉम्प्युटरपुढं बसून वैशालीच्या नावानं तो टँकर कुणी पास केला?